माईच्या नावाने, काकूच्या जिवावर

माईचं वर्षश्राद्ध काल पार पडलं आणि आज, रविवारी सकाळी, चहाचे कप खाली ठेवता ठेवताच सगळ्यांना कंठ फुटला. "वर्ष होऊ दे, मग बघू" असं म्हणून बाजूला सारलेला विषय आज काढायचा होता. माईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची हे तर ठरलेलंच होतं. पैसेही जमले होते. श्यामरावांनी आपल्या फंडातले घातले होते, जुन्या विद्यार्थ्यांनी कुठून कुठून पाठवले होते. तेव्हा पैशावरून तंटा नव्हता, एवढी तरी देवाची कृपा. तंटा होता तो शिष्यवृत्ती द्यायची कुणाला यावर. म्हणजे खरं तर माई कुणाची होती यावर, आणि असला तंटा पैशाच्या तंट्यापेक्षा चिवट असतो.

कालिंदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून मटार सोलत होती. अर्धा जीव आत शेगडीवरच्या वरणात, अर्धा बाहेरच्या खोलीत. काल पहाटेपासून ती उभीच होती. श्राद्धाचे वडे, खीर, आमसुलाची चटणी, गुरुजींची पानं, मग मराठी मंडळातली माणसं, मग पाऱ्यातले, म्हणजे गल्लीतले, बंगाली शेजारी. कंबर अशी धरली होती की आज उठताना पलंगाच्या कडेला धरून जरा वेळ तसंच बसावं लागलं. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कालिंदी थकते हे ध्यानात घ्यायची या घरात पद्धतच नव्हती.

बाहेर आरामखुर्चीत श्यामराव गर्दे होते, माईचे यजमान, म्हणजे कालिंदीचे थोरले दीर. कालिंदीचा नवरा दिनकर ऐन उमेदीत गेला, आणि तेव्हापासून ती, तिची दोन मुलं, भावजी आणि माई असं हे कलकत्त्याचं, भवानीपूरचं बिऱ्हाड एकाच चुलीवर चाललं. मुलगी आशा लग्न होऊन नाशिकला गेली. मुलगा चारुदत्त इथेच एस्प्लनेडला बँकेत होता. जन्म इथला, शिक्षण इथलं, मराठी घरापुरती, आणि चिडला की तीही बंगालीत घसरायची. त्याच्यासमोर सुचित्रा, श्यामराव-माईंची एकुलती एक लेक, श्राद्धासाठी मुंबईहून आलेली. आणि टेबलाशी रघुनाथराव टिल्लू, मराठी मंडळाचे चिटणीस, केंद्र सरकारच्या नोकरीत नागपूरहून बदलून आलेले. सगळं नीट कागदावर यावं म्हणून त्यांना बोलावलं होतं, आणि तेही फौंटनपेनचं टोपण काढून केव्हाचे तयार बसले होते.

रघुनाथरावांचं म्हणणं, मंडळातल्या मराठी मुलांत जो पहिला येईल त्याला द्यावी, गणेशोत्सवात व्यासपीठावर, माईंच्या तसबिरीला हार घालून. सुचित्राचं म्हणणं, पुण्याला माई ज्या शाळेत शिकली त्या शाळेत द्यावी. कलकत्त्यात आता आपलं कोण उरलंय, बाबांनाही मी आज ना उद्या मुंबईला घेऊन जाणार, मग इथल्या शिष्यवृत्तीकडे बघणार कोण? त्यावर चारुदत्त तडकला. माई जन्मभर राबली ती इथे, या गल्लीतल्या पोरांसाठी, आणि तिचं नाव न्यायचं पुण्याला? वर्षातून एकदा पाहुणी म्हणून यायचं आणि ठरवायचं तू, असंही तो बोलून गेला. सुचित्राचा चेहरा उतरला. मग श्यामरावांनी मध्ये हात घातला. त्यांच्या मनात होतं, बोर्डाच्या परीक्षेत जो पहिल्या वर्गात येईल अशा हुशार मुलाला द्यावी, मराठी असो की बंगाली. चांगला पाहुणा बोलवावा. माईचं नाव उजळ व्हावं.

"आणि मुलांची तयारी कालिंदी करून घेईलच," ते म्हणाले. "वर्ग आहेच की खाली."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका वेळ एकमेकांचं न ऐकणारी ही माणसं या एका गोष्टीवर मात्र बिनतक्रार एक झाली. कालिंदीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

वर्ग खालच्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोलीत भरे. माई दिवसा मुलींच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी घरी आली की चहासुद्धा उभ्याने घेऊन खाली जायची. गल्लीतल्या कोळसेवाल्याची पोरं, ओडिया आचाऱ्यांची, बिहारी धोब्याची, पूर्व बंगालातून उठून आलेल्या घरांतली. शाळेने ज्यांची आशा सोडली होती ती सगळी माईकडे. बंगालीत मावशीला म्हणतात तसं 'माशिमा, माशिमा' करत जिना दणाणून सोडायची. एकाहत्तरमध्ये निर्वासितांच्या छावण्या पडल्या तेव्हा माई रोज खिचडीचं पातेलं घेऊन तिकडे जायची आणि तिथेही चिखलात बसून पोरांना पाढे शिकवायची. लोक म्हणत, देवमाणूस आहे. होतीच. पण देवमाणसाच्या घरात खिचडी शिजवायला आणि पातेलं घासायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी कालिंदी होती. नक्षलवाद्यांच्या धामधुमीत गल्लीत बॉम्ब फुटायचे त्या दिवसांत माई अंधारातून एकेका पोराला घरी पोचवून यायची. तिला भीती म्हणून वाटत नसे. तिच्या वाटची सगळी भीती कालिंदीने जिन्यात कंदील धरून उभ्या उभ्या सोसली.

याचं कालिंदीला वाईट वाटत नसे. माईवर तिचा जीव होता. नवरा गेल्यावर सासरच्या माणसांनी 'हिला माहेरी पाठवा' असं सुचवलं तेव्हा माईने एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली होती. तेव्हा माईसाठी राबणं वेगळं. माई गेल्यावर जे झालं ते वेगळं, आणि ते तिच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

झालं असं की माईच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. केवडातल्याच्या स्मशानघाटावर कावळ्यांना काय तोटा? झाडं भरून काव काव चाललेली, पण पिंडाजवळ एक येईल तर शपथ. आपल्या लोकांना माहीत असतं, जाणाऱ्याची काहीतरी इच्छा मागे राहिली की असं होतं, आणि ती पुरी करायचा शब्द दिल्याशिवाय कावळा खाली उतरत नाही. श्यामराव हात जोडून म्हणाले, मी तब्येत सांभाळीन. कावळा ढिम्म. सुचित्राची काळजी करू नकोस. ढिम्म. तुझ्या नावाने मोठी शिष्यवृत्ती ठेवू. एक खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा वर गेला. ऊन चढायला लागलं. गुरुजी दर्भाचा कावळा करण्याच्या गोष्टी बोलू लागले. श्यामरावांना वाकवत नव्हतं म्हणून क्रिया चारुदत्त करत होता, तो ओलेत्याने पुढे झाला आणि म्हणाला, "माई, तुझा वर्ग बंद पडणार नाही. आई चालवेल." आणि म्हणे तत्क्षणी कावळा उतरला.

ही हकिकत श्यामरावांनी कलकत्त्यातल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली. बायका कालिंदीकडे देवीची ओटी भरताना बघावं तशा बघायच्या. कालिंदी त्या दिवशी घाटावर नव्हतीच. घरी घातलेल्या भाताखाली जाळ सारत होती. तिला हे कळलं ते पुरुष मंडळी आंघोळी करून पानांवर बसल्यावर, आमटी वाढताना.

चौथीपर्यंत शिकलेली बाई. वाईच्या शाळेत, तेही मराठी. बंगाली बोलायची घडाघडा, पण वाचता येत नव्हतं. तरी ती खाली जाऊन बसली, आणि वर्ग चालला. चालला तो माईच्या एका नियमामुळे. माईकडे नवा धडा असा कुणाला मिळत नसे. आधीचा धडा खालच्या एका पोराला शिकवायचा, त्याला तो आला असं माईला दिसलं, की मगच पुढचा. 'आलं ना तुला? मग दे आता त्याला,' एवढंच ती म्हणायची. त्यामुळे पोरं सारखी एकमेकांना शिकवत असायची. कालिंदी फक्त बसायची, भांडणं सोडवायची, शेंगदाणे-गूळ वाटायची, आणि ज्याचा चेहरा पडला असेल त्याला जवळ घ्यायची. पण बसायला लागायचं रोज. आजारपण नाही, सणवार नाही, कुठे जाणं नाही. कारण शब्द गेलेला होता.

आणि त्यातच आशाचं पहिलं बाळंतपण आलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, गाड्या बंद, तिला येता येईना. संप मिटल्यावर कालिंदीने तिकडे जायचं म्हटलं, तर भावजी म्हणाले, मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, सासूबाई आहेत की तिच्या. चारुदत्त काही बोलला नाही. नातू झाला. बारशाला गेली नाही. उष्टावणाचा फोटो आला, त्यात भलत्याच बाईच्या मांडीवर बसून तो खीर खात होता. आता तो रांगतोय म्हणे. कालिंदीने त्याला अजून पाहिलं नव्हतं, आणि या एका गोष्टीने तिचं मन इतकं शिणलं होतं की कंबरेचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं.

सुचित्रा पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली आणि काकूजवळ जमिनीवरच टेकली. चारूचं बोलणं तिला लागलं होतं. दोघींनी मिळून शेंगा सोलल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, आशाकडे मी गेले होते दिवाळीत, बाळ अगदी तुझ्या वळणावर गेलंय, तू कशी गं गेली नाहीस एकदाही? कालिंदी म्हणाली, वर्ग. सुचित्राने विचारलं, पण तुला कुणी सांगितलं होतं वर्ग घ्यायला? तिला वाटत होतं काकूने आपण होऊन घेतलाय. दहाव्याला ती नव्हती, आणि बाबांनी पत्रात तसंच लिहिलं होतं. मग कालिंदीने तिला घाटावरचं सांगितलं. सुचित्रा आधी हसली, कावळ्याला काय कळतंय म्हणून. मग तिचं हसू आपोआप मावळलं.

"तुला न विचारता?" ती म्हणाली.

"घाईत विचारणार कधी? सगळे ओलेत्याने उभे."

"आणि नंतर?"

कालिंदीने पुढची शेंग उचलली. सुचित्राने साडीच्या पदराने हात पुसले आणि सांगितलं, मी बुधवारी हावड्याहून मेलने निघतेय. नाशिकरोड वाटेतच लागतं. माझ्याबरोबर चल. कालिंदी म्हणाली, वेडी आहेस. पण म्हणताना तिने हातातलं मटारचं ताट खाली ठेवलं.

जेवणं झाली. कालचे उरलेले वडे रघुनाथरावांनी मागून घेतले. सुपारी झाली, आणि मंडळी पुन्हा बसली. कालिंदी झाकपाक करून आली आणि दाराशी न थांबता आत येऊन सुचित्राच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. श्यामरावांनी एकदा वर पाहिलं. या खोलीत ती खुर्चीवर बसल्याचं त्यांना आठवत नसावं.

रघुनाथरावांनी मसुदा वाचला. तडजोड झालेली दिसत होती: शिष्यवृत्ती इथेच, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला, मराठी असल्यास प्राधान्य, समारंभ मंडळात. शेवटी एक ओळ होती, की होतकरू विद्यार्थ्यांसाठीचा वर्ग श्रीमती कालिंदीबाई गर्दे पूर्वीप्रमाणे चालवतील. वाचून ते थांबले आणि कौतुकाने कालिंदीकडे बघू लागले.

"खालच्या वर्गातलं कुणी आजवर पहिल्या वर्गात आलंय का, भावजी?" कालिंदीने विचारलं.

श्यामराव जरा गोंधळले. नसेल आलं, ते म्हणाले, पण शिष्यवृत्ती असली की येतील, ईर्ष्या वाढेल.

कालिंदी हळूहळू बोलायला लागली. बैठकीत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे थांबत थांबत. ती म्हणाली, माईने हुशार मूल कधी घेतलं नाही. आलं तर सांगायची, तुझं माझ्यावाचून अडत नाही, तू जा. तिच्याकडे यायचं ते नापास झालेलं, शाळेतून नाव काढलेलं. आता तुम्ही जे लिहिलंय त्यात तिच्या खोलीतलं एकही पोर बसत नाही. मराठीत प्राधान्य म्हणता, तर मंडळातल्या ज्या मुलाला फीची अडचण आहे असं एक नाव सांगा. रघुनाथरावांची स्वतःची दोन्ही मुलं कॉन्व्हेंटात होती आणि मराठीत पत्ता लिहिता येत नव्हता. ते खोकले आणि पेनचं टोपण लावून पुन्हा काढलं.

"मग कुणाला द्यायची म्हणतेस?" श्यामरावांनी विचारलं. आवाजात नाराजी होती.

"मिनतीला."

मिनती जादवपूरच्या वसाहतीतली, माईची जुनी विद्यार्थिनी. एकदा नापास झाली, माईने पुन्हा बसवली, तिसऱ्या वर्गात का होईना पास होऊन कॉलेजात गेली. कालिंदीला पावसाळ्यात ताप आला तेव्हा ट्रामने येऊन तिनेच वर्ग सांभाळला होता. आता घरी भागत नाही म्हणून कॉलेज सोडून कुठल्याशा दुकानात लागायचं म्हणत होती. कालिंदीने सांगितलं, तिला शिष्यवृत्ती द्या, तिने शिकावं आणि संध्याकाळी वर्ग घ्यावा. तिचं झालं की या पोरांतलं जे मोठं होईल त्याला. आलं त्याला, मग त्याने पुढच्याला द्यायचं, असंच माई करायची. सुचित्रा लगेच म्हणाली, मला पटलं, पुण्याचं राहू दे. चारुदत्त मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता.

श्यामराव म्हणाले, पण म्हणजे पैसे देऊन शिकवायचं? माईने उभ्या आयुष्यात एका पोराकडून दमडी घेतली नाही, वर्ग चालला तो सेवाभावाने, आणि तिच्याच नावाने तिथे पगारी माणूस बसवायचं? लोक काय म्हणतील?

"फुकट करणारं माणूस घरातच मिळालं, म्हणून ते फुकट झालं, भावजी. माईचं मी म्हणत नाही. तिच्या मनचं होतं ते. माझं म्हणते."

खालून ट्राम गेल्याची घंटा ऐकू आली. मग चारुदत्त म्हणाला, "आई, पण मी शब्द दिलाय." तो अगदी मनापासून म्हणाला, आणि कालिंदीला तेच जास्त लागलं.

"तू दिलास ना? मग तू चालव. बँकेतून येतोस सहाला."

चारुदत्तने सांगायला सुरुवात केली, की युनियनच्या मीटिंगा असतात, वर्षअखेरीला ओव्हरटाइम असतो, बसेसचं तर तुला माहीत आहे. दोन वाक्यांतच त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो मध्येच थांबला. "तेव्हा कावळा शिवत नव्हता गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "काका थरथरत होते. मला दुसरं काही सुचेना. मला वाटलं, आई काय, हो म्हणेल."

"म्हटलंच असतं. तू घरी येऊन एवढं म्हणाला असतास, की आई, मी तुझ्या नावाने असं बोलून बसलोय, तुला जमेल का, तर मी हो म्हटलं असतं आणि हौसेने केलं असतं. पण तुम्ही कुणी विचारलंच नाहीत रे. तुम्ही ते मला पानावर बसून सांगितलंत. आशाच्या वेळी तरी मला वाटलं होतं, तू म्हणशील, आई, जा तू, मी बघतो. मी वाट बघत होते."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. इतके दिवस जे छातीवर घेऊन ती खाली-वर करत होती ते बोलून झालं होतं, आणि आता तिला नुसतं थकायला झालं होतं. चारुदत्त उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. सुचित्राने काकूच्या हातावर हात ठेवला आणि वडिलांना सांगितलं, की बुधवारी काकू माझ्याबरोबर येतेय, मी तिचं तिकीट उद्या काढायला जाते.

श्यामरावांना हे झेपत नव्हतं. त्यांनी विचारलं, घाटावर दिलेल्या शब्दाचं काय, तिच्या आत्म्याला काय वाटेल? मग त्यांचं त्यांनीच उत्तर दिल्यासारखं केलं: वर्ग बंद पडणार नाही एवढंच तिला हवं असेल, तो तर चालूच राहतोय. मागे कोण राबतंय हे तिने तरी कधी बघितलं होतं? हे शेवटचं ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"लिहा, रघुनाथराव," ते म्हणाले. "कालिंदी म्हणते तसं लिहा. वर्गाची ओळ नीट करा. तिचं नाव काढा तिथून."

रघुनाथरावांनी ओळ खोडली आणि नवी लिहिली, वाचून दाखवली. अक्षर खरोखर सुरेख होतं त्यांचं. सगळ्यांनी सह्या केल्या. कालिंदीने केली ती मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहून. रघुनाथराव नमस्कार करून गेले, आणि जाताना दाराशी थांबून म्हणाले, वहिनी, निघायच्या आधी आमच्याकडे एक दिवस जेवायला या. असं आमंत्रण तिला कलकत्त्यात एकटीला कधी आलं नव्हतं.

मग सुचित्रा शेजारी मिनतीच्या वसाहतीचा पत्ता विचारायला गेली. खोलीत तिघं उरली. खिडकीतून हटून चारुदत्त आईच्या खुर्चीजवळ आला, खाली बसला, आणि त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लहानपणी टायफॉइडमध्ये बसायचा तसा. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. राग होता तो होताच, पण पोटचं पोर ते.

"परत कधी येशील?" श्यामरावांनी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता यायचं, भावजी."

चहाची वेळ झाली होती. रोज या वेळेला कप त्यांच्या हाताशी येई, कुठून येई याचा विचार त्यांना कधी करावा लागला नव्हता. श्यामराव उठले. खुर्चीच्या हाताला धरून, मग भिंतीला धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, तिथे थांबले आणि आत बघत राहिले. सत्तरीला आलेला माणूस, पण त्या दाराच्या आत जेवायच्या पाटाखेरीज त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"चहाची पत्ती कुठे असते?" त्यांनी विचारलं.

कालिंदीचे पाय आपोआप हलले. इतक्या वर्षांची सवय, मोडते थोडीच. तिला त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्या माणसाची अतोनात दया आली. उठावं, त्यांना खुर्चीवर आणून बसवावं, कप हातात द्यावा, असं तिला अगदी आतून वाटलं. पण गुडघ्यावर लेकाचं डोकं होतं आणि कंबर दुखत होती.

"डाव्या हाताच्या फळीवर, भावजी. पितळी डब्यात," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "आणि माझ्याही कपाचं आधण टाका."